‘गोळ्या काढल्या की माणूस संपला’ म्हणे! त्या फॉरवर्डचं एकेक वाक्य घेऊ

“दहा जणांना पाठवा, एका तरी बापाचा जीव वाचेल” असं शेवटी लिहिलेला एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. आमच्या फॅमिली ग्रुपवर दाजींनी टाकला होता. त्यात काय तर प्रोस्टेटचा कॅन्सर म्हणून डॉक्टर खालच्या दोन्ही गोळ्या, म्हणजे वृषणं, काढतात, हा पैशाचा धंदा आहे, म्हातारा माणूस त्या टेबलावरून उठत नाही, उठला तर आवाज बायकी होतो दाढी गळते, इंजेक्शन असताना मुद्दाम कापतात आणि एवढं करून दोन वर्षांत कॅन्सर परत येतोच.

दाजींच्या मनात वाईट काही नव्हतं. पण अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो ॲडमिट व्हायच्या आदल्या रात्री वाचला आणि सकाळी म्हणाले, मी नाही यायचो. तीन आठवडे गेले त्यात. कॅन्सर मणक्यापर्यंत पोचलेला, शेवटी शेवटी तर त्यांना ओट्यावर बसून चहासुद्धा पिता येईना. म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही, पण वर्षभर फाईल घेऊन ओपीडीच्या बाकड्यावर बसलोय आणि डॉक्टरांना विचारून विचारून भंडावून सोडलंय.

पहिलं, “आजार प्रोस्टेटचा, मग गोळ्या का काढायच्या?” प्रश्न चांगला आहे, मीही हाच विचारला होता. प्रोस्टेट म्हंजे मूत्राशयाच्या खाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. तिच्यातला कॅन्सर बहुतेक वेळा टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसतो आणि शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त टेस्टोस्टेरॉन तयार होतं वृषणांत. शत्रूची रसद तोडायची, एवढंच. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये हे दाखवून दिलं, १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ऐंशी वर्षं जुनी गोष्ट आहे ही, कालपरवा कुणी काढलेला धंदा नाही. आणि हो, हे सगळ्यांना करत नाहीत. नुसतं प्रोस्टेट वाढलंय, लघवी अडकते, त्याला याची काही गरज नसते. कॅन्सर प्रोस्टेटमध्येच असेल तर प्रोस्टेट काढणं किंवा रेडिएशन हे मार्ग असतात. गोळ्यांचा विषय येतो तो मुख्यतः हाडांत वगैरे पसरल्यावर.

“टेबलावरून उठत नाही.” अहो, कमरेत भुलीचं इंजेक्शन देऊन अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. गोळ्यांच्या पिशवीवर छोटा छेद देतात, आत नळी आणि रक्तवाहिन्या बांधतात, गोळ्या काढतात, विरघळणारे टाके घालतात. त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी घरी. धोका शून्य असं कुठलंच ऑपरेशन नसतं, पिशवीत रक्त साठू शकतं, जखम चिघळू शकते, हार्टवाल्यांनी रक्त पातळ करायची गोळी कधी थांबवायची ते डॉक्टरांनाच विचारावं, स्वतःच्या मनाने बंद करू नये. अण्णांची पिशवी आठवडाभर जांभळी आणि सुजलेली होती, आई घाबरली, पण ते अपेक्षित असतं म्हणे. घट्ट लंगोट आणि दोन-तीन आठवडे मोटारसायकल नाही, पोतं उचलणं नाही. लंगोट तर अण्णांना तालमीपासून सवयीचाच.

आता तो आवाजाचा मुद्दा. ज्यांच्या घरी बैल होते त्यांना हे सांगायला नको. खोंड लहानपणीच खच्ची केला तर वशिंड नीट भरत नाही, मोठा झाल्यावर केला तर भरलेलं वशिंड काय लगेच उतरत नाही. माणसाचा आवाज वयात येताना फुटतो आणि घशाची ती वाढ झाली की झाली, सत्तरीत गोळ्या काढून तो मागे जात नाही. अण्णांचा बायकी आवाज ऐकायचा असेल तर पाण्याच्या पाळीवरून भांडताना या बांधावर. दाढी थोडी विरळ होते, अंगावरचे केस कमी होतात, बस. आणि तृतीयपंथी हा शब्द त्या मेसेजमध्ये शिवीसारखा वापरलाय, तो का, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

पण खरं सांगू का, माझा राग वेगळाच आहे. खोट्या गोष्टींनी एवढं घाबरवलं आणि ज्या खरंच होतात त्यातली एकही लिहिली नाही. जानेवारीच्या थंडीत रात्री तीनला अण्णांनी गोधडी फेकून दिली, बनियन पिळून निघेल इतका घाम, चेहरा लाल. आईला वाटलं अटॅक आला. आम्ही गाडी काढायच्या तयारीत, तेवढ्यात पाच मिनिटांत सगळं शांत. बायकांना पाळी जाताना होतं ना, तेच हे. फार त्रास झाला तर त्यावर औषधं मिळतात, फक्त आधी कुणी सांगायला हवं होतं. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं असेलही, पण त्या गडबडीत कुणाच्या डोक्यात शिरतंय.

तसंच इच्छा जवळजवळ जाते, ताठरपणाही बहुतेकांचा जातो. हे लपवण्यात अर्थ नाही, वय कमी असेल तर नवराबायकोने आधी बसून बोलावं. स्नायू उतरतात, पोट सुटतं, शुगर वाढू शकते, छाती बायकांसारखी थोडी भरते. चिडचिड किंवा गप्प गप्प राहणं, हेही होतं. आणि हाडं ठिसूळ होतात, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. हाडांची घनता तपासून घ्या, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व विचारा, चालणं सोडू नका. हाडांचं इंजेक्शन सुरू करणार असतील तर त्याआधी दात दाखवून या, नंतर दात काढायची वेळ आली तर जबड्याला त्रास होऊ शकतो.

“इंजेक्शन असताना कापतात.” टेस्टोस्टेरॉन बंद करणारं इंजेक्शन आहे, खरंय, आणि परिणामही तोच, म्हणजे घाम, हाडं, इच्छा, सगळं त्यातही आलंच. ते दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घ्यावं लागतं, खर्च चालूच राहतो, तारीख चुकवून चालत नाही. नेहमीच्या ल्युप्रोलाइडसारख्या इंजेक्शनने सुरुवातीचे एक-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं, म्हणून सोबत औषधाच्या गोळ्या देतात. ऑपरेशननंतर ते साधारण बारा तासांत खाली येतं, आणि अण्णांचा मणका दबायला लागला होता, तिथे वाट कोण बघणार. मात्र इंजेक्शन थांबवता येतं, काढलेलं परत बसवता येत नाही, त्यामुळे ज्याला परवडतं आणि मन तयार नाही त्याने इंजेक्शन निवडलं तर त्यात चूक काहीच नाही. पिशवी रिकामी वाटते म्हणून बाहेरचं आवरण ठेवून फक्त आतला गर काढायची पद्धतही आहे, विचारून बघा.

“परत येतोच.” हे अर्धं खरं. हे ऑपरेशन मुळापासून बरं करायला नसतंच, आवरून धरायला असतं. काहींत दीड-दोन वर्षांत, काहींत बऱ्याच उशिरा कॅन्सर टेस्टोस्टेरॉन कमी असतानाही वाढायला शिकतो, म्हणून पीएसए ही रक्ताची तपासणी करत राहायचं, पुढे अबिराटेरोनसारखी औषधं आहेत, हल्ली ती बऱ्याचदा सुरुवातीपासूनच जोडीला देतात. पण मधली ती वर्षं म्हणजे काहीच नाही का? ऑपरेशननंतर आठवड्याभरात अण्णांची कंबर हलकी झाली. पंधराव्या दिवशी ओट्यावर बसून चहा प्यायले, आणि साखर कमी पडली म्हणून आईवर ओरडले.