नुसता निकाल पाहून प्रोग्राम निवडू नका
अमेरिकेत नर्स अॅनेस्थेटिस्टचा (भूल देणाऱ्या नर्सचा) प्रोग्राम निवडताना एनसीई या राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षेचा पहिल्या प्रयत्नातला निकाल पाहा, असा सल्ला एका लेखात वाचला. तो अर्धवट आहे. मध्येच किती विद्यार्थी गळाले, हेही प्रत्येक प्रोग्रामला वेबसाइटवर जाहीर करावं लागतं. कच्चे विद्यार्थी आधीच बाहेर पडले तर निकाल चांगला लागणारच! दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचा.

आणि क्लिनिकल साइटबद्दल, म्हणजे जिथे प्रत्यक्ष काम शिकायचं त्या हॉस्पिटलबद्दल, खोदून विचारा. आमच्या आयसीयूतून या प्रोग्रामला गेलेली मैत्रीण आता दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या हॉस्पिटलात एपिड्युरल आणि नर्व्ह ब्लॉकला (सुईने शरीराचा ठरावीक भाग बधिर करायला) रेसिडेंट डॉक्टरांचा नंबर आधी लागतो, ही मागे उभी राहून बघते. प्रोग्राम पूर्ण करायला लागणाऱ्या किमान ६०० केसेस सगळीकडेच भरतात. त्यांत सुई स्वतःच्या हातात किती वेळा आली, हे तिथे शिकणाऱ्यांनाच विचारा. नोकरी सोडून, कर्ज काढून तीन वर्षं द्यायची आहेत.