दत्तक वाघाचा हिशेब

व्याघ्रदिन (२९ जुलै) जवळ आला की या आशयाचा मजकूर हमखास फिरू लागतो: ‘वाढदिवसाच्या केकवर पैसे उधळू नका, वाघ दत्तक घ्या. जंगलातला एक वाघ वाचेल. तुमचा पैसा त्याच्याच पोटात जाईल. सगळ्यात धोक्यात तोच आहे. त्याला मुलाचं नाव द्या, हाताने भरवा, आणि रक्कम पूर्ण करमुक्त.’ हेतू चांगला आहे, पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकतं.

‘जंगलातला एक वाघ वाचेल.’ प्राणिसंग्रहालयं आणि उद्यानं दत्तक देतात ते प्राणी पिंजऱ्यातले असतात. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांत बिबटे मोकळे फिरतात. दत्तक मिळतो तो मात्र बंदिस्त बिबट्या. म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयातही तेच. या प्राण्यांना जंगलात सोडता येत नाही, त्यांना आयुष्यभर पोसायचं असतं, आणि त्यासाठी पैसे देणं हे चांगलंच काम आहे. पण त्याने जंगलातली संख्या एकानेही वाढत नाही. वन्यजीव संस्था प्रमाणपत्र आणि मऊ खेळणं पाठवून जे ‘दत्तक’ देतात, ती साधी देणगी असते. अटींमध्ये ‘प्रतीकात्मक’ हा शब्द बारीक अक्षरांत सापडेल. नैरोबीत हत्तींची अनाथ पिल्लं सांभाळणारी शेल्ड्रिक संस्था एकाच पिल्लाला अनेक पालक देते. यात फसवणूक नाही. एका जनावराच्या नावावर पैसा अडकवून ठेवला, तर शेजारच्या पिल्लाच्या दुधाचं काय करायचं?

‘तुमचा पैसा त्याच्याच पोटात जाईल.’ इथे गणित मांडूनच पाहू. बोरिवलीचे काही वर्षांपूर्वी जाहीर झालेले वार्षिक दर असे होते: वाघ ३,१०,००० रुपये, बिबट्या १,२०,०००, वाघाटी (छोटं रानमांजर) ५०,०००, नीलगाय ३०,०००, चितळ २०,०००, भेकर १०,०००. बंदिस्त वाघाला साधारण ८ ते १२ किलो मांस देतात आणि आठवड्यातून एक दिवस उपास घडवतात. म्हणजे वर्षाचे ३१३ जेवणाचे दिवस. रोज १० किलो धरले तर ३,१३० किलो. ३,१०,००० ला ३,१३० ने भागा: किलोमागे ९९ रुपये. या भावात मांस मिळतं का, ते खाटकाला विचारा. डॉक्टर, लसी, पिंजऱ्याची डागडुजी, राखणदाराचे पगार हे वेगळेच. एका वाघाचा ‘पूर्ण खर्च’ उचलल्याचं समाधान म्हणूनच जरा स्वस्तात मिळतं.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. रकमेत फक्त खाणं येतं की औषधपाणीही? प्राणी वर्षाच्या मध्येच मेला, तर उरलेली रक्कम कुठे जाते? एका प्राण्याला किती पालक असू शकतात? बंदिस्त जागेत चितळांची संख्या भराभर वाढते आणि ती आवरणं हीच डोकेदुखी होते. स्वस्त आहे म्हणून चितळ निवडणाऱ्याला हे सहसा कोणी सांगत नाही.

‘सगळ्यात धोक्यात तोच आहे.’ नाही. २००६ मध्ये देशात वाघ १,४११ होते, २०२२ च्या गणनेत सरासरी अंदाज ३,६८२, महाराष्ट्रात ४४४. आता माळढोक बघा. सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य ज्याच्यासाठी झालं, तो पक्षी आज देशात दीडशेच्याही खाली आहे. मादी सहसा वर्षाला एकच अंडं घालते. त्याला समोरचं फार कमी दिसतं, अंग जड, त्यामुळे विजेच्या तारा टाळायला तो ऐन वेळी वळू शकत नाही. वाघ वाचला की त्याच्या जंगलातलं सगळं वाचतं, हा युक्तिवाद जंगलापुरता खरा आहे. माळरान त्या छत्रीखाली येत नाही.

गिधाडही येत नाही, कारण त्याचा शत्रू गोठ्यात आहे. गुराला डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचलं आणि ते लगेच मेलं, की त्या मढ्यावर बसलेल्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. शंभरात एक मढं असं निघालं तरी थवे संपतात. गुरांसाठी हे औषध २००६ मध्ये बंद झालं, पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येतच राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची कुपी ३ मिलीची केली. गुराला तशा कितीतरी कुप्या फोडाव्या लागतात, मग त्याऐवजी गिधाडांना सुरक्षित असलेलं मेलॉक्सिकॅम हे औषध परवडतं. म्हणून ‘गिधाड दत्तक’ घेताना एकच विचारावं: पैसा मढ्यांची तपासणी, औषध दुकानांवर नजर आणि पशुवैद्यांशी बोलणं यांवर जातो, की नुसत्या फलकांवर?

रानपिंगळ्यासाठी तर कोणी केकही कापत नाही. १८८४ नंतर हे छोटं घुबड संपलं असंच धरलं होतं. १९९७ मध्ये ते नंदुरबारमधल्या शहाद्याजवळ पुन्हा दिसलं. उलट पांडाला जागतिक यादीत २०१६ मध्येच ‘धोक्यात’ वरून ‘असुरक्षित’ या कमी धोक्याच्या पायरीवर आणलंय, पण खेळणं त्याचंच जास्त खपत असणार.

‘मुलाचं नाव द्या, हाताने भरवा.’ पिंजऱ्याबाहेर पाटी लागते ती देणगीदाराच्या नावाची. प्राणी सरकारचाच राहतो. आणि वन्यजीव कायद्याच्या कलम ३८-जे नुसार प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला खाऊ घालणं हा गुन्हा आहे, पालक असलात तरी.

‘पूर्ण करमुक्त.’ ज्याला सगळे ८०जी म्हणतात ती देणगीवरची वजावट नव्या करप्रणालीत मिळतच नाही. जुन्या प्रणालीतही बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीची निम्मीच रक्कम उत्पन्नातून वजा होते, तीही एकूण उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत, आणि २,००० रुपयांवरची रोख देणगी धरत नाहीत. पावतीवर थांबू नका, वजावटीसाठी लागणारं देणगी-प्रमाणपत्र (१०बीई या नावाने ओळखलं जाणारं) मागा. परदेशातून पैसे पाठवणाऱ्या मराठी मंडळींपैकी भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी ते नेहमीच्या बँकमार्गाने पाठवले की अडचण नसते. ज्यांनी दुसरं नागरिकत्व घेतलंय, त्यांची देणगी परकीय ठरते. संस्थेकडे एफसीआरए (परकीय देणग्यांचा कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर तिला ती घेताच येत नाही, म्हणून हे आधी विचारा, पैसे पाठवल्यावर नव्हे.