विनामूल्य सॉफ्टवेअरच्या सूचीवर फिरणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या, क्लासवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हायरस असतो, कोणाला ते हवंच असेल तर गुगलवर मिळतं, वेगळी सूची कशाला, स्वयंसेवकांची कामं वर्षभरात बंद पडतात, आणि अडलं तर विचारायचं कोणाला? नौपाड्यापासून नेरुळपर्यंत राहणारे आम्ही काही जण विनामूल्य सॉफ्टवेअरची मराठी सूची तयार करतो आहोत. हे आक्षेप आमच्या कामाला थेट लागू होतात, म्हणून एकेकाला उत्तर देतो.

पहिला आक्षेप व्हायरसचा. भीती खरी आहे, पण तिचं कारण चुकीच्या जागी शोधलं आहे. २०१५ मध्ये सोर्सफोर्ज या नावाजलेल्या साइटने गिंप या चित्रं संपादित करायच्या सॉफ्टवेअरच्या विंडोज इन्स्टॉलरला जाहिरातींची नको ती सॉफ्टवेअर जोडून दिली होती. गिंप स्वच्छच होतं, वाटेत भेसळ झाली. आता दुसरी बाजू पाहा. सोलरविंड्स या अमेरिकी कंपनीचं ओरायन हे नेटवर्कवर लक्ष ठेवणारं, कंपन्या पैसे मोजून घेत असलेलं सॉफ्टवेअर. २०२० मध्ये त्याच्या अधिकृत अपडेटमधूनच घुसखोरांचा कोड हजारो ठिकाणी, अमेरिकी सरकारच्या खात्यांपर्यंत पोचल्याचं उघड झालं. तेव्हा किंमत मोजल्याने सुरक्षितता येते असं नाही. सॉफ्टवेअर कोणी बनवलं, कुठून उतरवलं आणि त्याचा कोड बाहेरच्या माणसाला तपासता येतो का, हे प्रश्न विचारायला हवेत.

मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. हा संदेश वाचून विनामूल्य सॉफ्टवेअर टाळणारी माणसं महागडं पॅकेज विकत घेतात असं थोडंच आहे? कॉम्प्युटर जोडून देणाऱ्याकडून 'सगळं टाकून' घेतात, म्हणजे क्रॅक केलेली, परवान्याचं कुलूप तोडलेली प्रत. ती चालू करणारा ॲक्टिव्हेटर बहुतेक वेळा आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतो. अनोळखी माणसाने बनवलेली फाइल, सगळे अधिकार देऊन, पहारा उठवून चालवायची, आणि याच कॉम्प्युटरवर सोसायटीच्या सभासदांचे आधार क्रमांक, बँकेचे तपशील ठेवायचे! व्हायरसची भीती बाळगणाऱ्याने आधी इथे थांबायला हवं.

दुसरा आक्षेप: गुगलवर सगळं मिळतं. मिळतं, आणि अडचण तिथूनच सुरू होते. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गिंप शोधणाऱ्यांना गुगलवर वरच एक जाहिरात दिसत होती. तिच्यात पत्ता खऱ्या साइटचा होता. क्लिक केल्यावर माणूस जायचा हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइटवर आणि उतरायचा पासवर्ड चोरणारा प्रोग्राम. नवख्या माणसाला यातलं काय ओळखता येणार? म्हणून आमच्या प्रत्येक नोंदीत मूळ प्रकल्पाचा पत्ता असतो, आणि तो नोंद करणाऱ्याखेरीज आणखी एकाने उघडून पाहिलेला असतो.

शिवाय शोधून नाव सापडतं, अटी सापडत नाहीत. दूरचा कॉम्प्युटर आपल्या जागेवरून चालवू देणारं एनीडेस्क घरगुती वापराला विनामूल्य आहे. क्लासच्या किंवा कंपनीच्या कामाला परवाना घ्यावा लागतो. फाइली दाबून लहान करणारं विनरार तर असंख्य लोक फुकटच समजतात, प्रत्यक्षात ते ४० दिवसांच्या चाचणीसाठी दिलेलं असतं. त्याचं बहुतेक काम सेव्हन-झिप करतं, आणि ते ऑफिसातही बिनधास्त वापरता येतं. फॉन्टच्या बाबतीत हा घोळ अधिकच आहे. लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्याने नेटवरून उचललेला देवनागरी फॉन्ट 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असू शकतो. मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला 'मुक्ता' हा फॉन्ट 'ओपन फॉन्ट लायसन्स' या मुक्त परवान्याखाली आहे. पत्रिका, बॅनर, पुस्तक, काहीही छापा, त्याला हरकत नाही. हे आधी कळलं तर नंतरचा मनस्ताप वाचतो. पत्रं, तक्ते करायच्या लिब्रेऑफिसचे मेनू मराठीत करता येतात, टेसरॅक्ट स्कॅन केलेल्या पानावरचा छापील मराठी मजकूर ओळखून त्याचं बदलता येणारं युनिकोड करतं, हेही आपल्याला लागणारं ज्ञान आहे. अनुक्रम लावणाऱ्या सर्च इंजिनला सानपाड्यातल्या शिक्षिकेची गरज ठाऊक नसते. तिच्या शेजारी बसून तिच्याच जुन्या लॅपटॉपवर ते चालवून पाहणाऱ्याला असते.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे आणि त्यातला काही भाग मला मान्य आहे. स्वयंसेवकांची कामं बंद पडतात. डीमॉझ ही जगभरच्या स्वयंसेवक संपादकांनी १९९८ पासून बांधलेली वेबसाइटींची प्रचंड सूची २०१७ च्या मार्चमध्ये बंद झाली. मात्र तिची मालकी एओएल या कंपनीकडे होती आणि बंद करण्याचा निर्णयही तिचाच होता. संपादकांनी त्याच साठ्यावरून कर्ली नावाने काम पुढे चालू ठेवलं. दुसरीकडे विंडोजऐवजी वापरता येणारी डेबियन ही लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम पाहा. १९९३ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प आजही स्वयंसेवक चालवतात, आणि २०२३ साली आलेल्या त्याच्या बाराव्या आवृत्तीत ६४,००० हून अधिक पॅकेजेस, म्हणजे बसवायला तयार सॉफ्टवेअरचे संच, होती. अँड्रॉइडवरच्या खुल्या, म्हणजे कोड कोणालाही पाहता येणाऱ्या, ॲपची एफ-ड्रॉइड ही सूची २०१० पासून चालू आहे. एखादं ॲप वापरणाऱ्याच्या हालचालींवर नजर ठेवत असेल किंवा जाहिराती दाखवत असेल, तर ती तसं स्पष्ट बजावते. ही पद्धत आम्ही तिच्याकडूनच उचलली आहे.

धोका असतो तो सगळा भार एकाच्या खांद्यावर पडण्याचा. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या, छोट्या पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनाची देखभाल एक थकलेला माणूस करत होता. मदतीच्या मिषाने आलेल्या कोणीतरी त्याचा विश्वास मिळवला आणि २०२४ मध्ये त्यात चोरवाट बसवली. लॉगिनला जवळपास अर्धा सेकंद जास्त का लागतो आहे, हे खणून काढणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने ती पकडली. कोड खुला होता म्हणून त्यांना मुळापर्यंत जाता आलं. आम्ही यातून नियम केला: कोणतीही नोंद एकट्याच्या ताब्यात राहणार नाही, सगळी सूची साध्या सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे कोणत्याही तक्त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या मजकुराच्या फाइलमध्ये, असेल आणि ती कोणालाही उतरवून पुढे चालवता येईल. आम्ही थांबलो तरी काम थांबायचं कारण नाही.

आणि ठाणेकरांना तरी टिकण्याबद्दल शंका नसावी. मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ मध्ये इथल्याच ग्रंथप्रेमींनी उभं केलं. पिढ्या बदलल्या, ते उभं आहे.

मदतीच्या प्रश्नाला थोडक्यात उत्तर पुरेसं आहे. पवईच्या आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिब्रेऑफिससारख्या सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही आहेत, विनामूल्य. ज्या सॉफ्टवेअरचा असा धडा आहे, त्याच्या नोंदीत आम्ही दुवा देतो. जिथे मराठीत काहीच नाही तिथे तसं लिहितो, म्हणजे वापरणारा गाफील राहत नाही.

सध्या अडलं आहे ते हिशेबाच्या सॉफ्टवेअरपाशी. ग्नूकॅशसारखी साधनं आम्ही चालवून पाहिली, पण सोसायटीचा मेंटेनन्स, सिंकिंग फंड, थकबाकीवरचं व्याज हे त्यात नीट बसतं का, हे सांगायला सोसायटीचे हिशेब लिहिलेला माणूस लागतो. ठाणे ते पनवेल पट्ट्यात असा कोणी सेक्रेटरी किंवा खजिनदार रविवारची सकाळ द्यायला तयार असेल, तर ती नोंद आम्ही त्यांच्याबरोबर बसून लिहू.