कुत्र्याची जात पडताळणी

लिफ्टच्या दाराशेजारी, ‘मंगळवारी पाणी बंद’ आणि ‘वर्गणी भरा’ यांच्या मधोमध, परवा एक नवा कागद चिकटला. “सर्व सभासदांस कळविण्यात येते की रॉटविलर, पिटबुल व तत्सम खतरनाक जातींच्या श्वानांस लिफ्टमधून नेण्यास सक्त मनाई आहे. जिन्याचा वापर करावा. हुकमावरून.”

आमच्या सोसायटीत रॉटविलर नाही. पिटबुलही नाही. राहता राहिला ‘तत्सम’, तो म्हणजे आमचा गोट्या. आम्ही नवव्या मजल्यावर राहतो. गोट्या अस्सल गावठी आहे, बांधकामाच्या वाळूत जन्मलेला. आई गावठी, बापाचा पत्ता नाही. पण रंग काळा, आणि भुवयांवर, गालांवर, छातीवर, पायांवर तांबूस ठिपके, थेट जर्मनीच्या रॉटविलरसारखे. एवढ्याच भांडवलावर कमिटीने त्याला जर्मन नागरिकत्व देऊन टाकलं.

या कागदामागचे सूत्रधार म्हणजे बी विंगचे काका. आयुष्यभर लोकांचे अर्ज तपासून निवृत्त झालेला माणूस. तपासायला अर्ज उरले नाहीत, की अशा माणसाचं काय करायचं याची सोय शासनाने करायला हवी. काका मला लिफ्टपाशीच भेटले.

“ह्याची जात काय?”

“गावठी.”

“तसं सगळेच म्हणतात.”

हे वाक्य मला अजून पचलेलं नाही. घरी रॉटविलर पाळून बाहेर ‘गावठी आहे हो’ म्हणत फिरणारा माणूस काकांना या शहरात भेटला तरी कुठे? लोक बरोबर उलटं करतात. रस्त्यावरचं पिल्लू उचलून आणतात आणि महिन्याभरात ‘लॅब क्रॉस आहे’ म्हणायला लागतात.

मी लसीकरणाचं पुस्तक काढलं. जातीच्या रकान्यात डॉक्टरांनी ‘एन. डी.’ लिहिलं होतं. जनावरांचे डॉक्टर गावठी कुत्र्याला तेच लिहितात: नॉन-डिस्क्रिप्ट, कुठल्याच ठरावीक जातीत न बसणारा. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून पुस्तक नाकाला लावलं.

“एन. डी. म्हणजे नॉट डिक्लेअर्ड. जात तुम्ही जाहीरच केलेली नाही. का?”

“काका, त्याला जातच नाही.”

“असं कसं? जात सगळ्यांना असते.”

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण लिफ्ट आठव्यावरून निघाली होती.

“मग पडताळणी करून आणा,” काका म्हणाले. “आमच्या नातवाला इंजिनीअरिंगच्या अ‍ॅडमिशनला वैधता प्रमाणपत्र आणावं लागलं. ह्याला का नको?”

मी आकड्यांवर आलो. रॉटविलरचा नर खांद्याशी ६१ ते ६८ सेंटिमीटर उंच असतो, वजन पन्नास किलोच्या आसपास, डोकं रुंद, कान लोंबते. गोट्या २२ किलोंचा. कान उभे, छाती अरुंद, शेपटी पाठीवर गोल वळलेली. काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि निकाल दिला.

“तुम्ही त्याला नीट खायला घालत नाही.”

खरं तर हा रंग एका जातीची मक्तेदारी नाहीच. काळ्यावर तांबूस ठिपके हा रंगाच्या एका जनुकाचा खेळ. डोबरमनमध्ये तो दिसतो, डाक्सहुंडमध्ये दिसतो, हिमालयातल्या मेंढपाळांच्या कुत्र्यांत दिसतो आणि आपल्या गल्लीबोळांत तर ढिगाने. भुवयांवरच्या त्या दोन ठिपक्यांचा दरारा मात्र जुना आहे. ऋग्वेदात यमाचे दोन कुत्रे आहेत, देवांची कुत्री सरमा हिची पोरं, चार डोळ्यांचे. हे जास्तीचे दोन डोळे म्हणजे भुवयांवरचे ठिपकेच, असं अनेक अभ्यासक मानतात. पारशी लोकांच्या अंत्यविधीत मृतदेहाला कुत्रा दाखवतात, सगदीद म्हणतात त्याला, आणि तिथेही असाच ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा पसंत केला जातो. काकांनी यातलं काही वाचलेलं नाही हे माझं नशीब. नाहीतर नोटिशीत ‘रॉटविलर, पिटबुल व यमदूत’ असं आलं असतं.

आणि त्याच बी विंगमधल्या एक काकू दर शनिवारी तेल लावलेली पोळी घेऊन गोट्याला शोधत येतात. साडेसाती चालू आहे, काळा कुत्रा हवा. शनिवारी तो शनीचा, रविवारपासून जर्मन. नोटिशीवरच्या ठरावाला अनुमोदन या काकूंचंच आहे.

दुसऱ्या दिवशी काका यादी घेऊनच आले. लॅमिनेट केलेली. १२ मार्च २०२४ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना एक परिपत्रक पाठवलं होतं: या तेवीस प्रकारच्या कुत्र्यांना परवाने देऊ नका, विक्री आणि पैदास थांबवा, ज्यांच्याकडे आधीच आहेत त्यांच्या कुत्र्यांची नसबंदी करा. ही यादी एकदा सावकाश वाचून बघाच. त्यात ‘तोसा इनू’ आहे, आणि थोडं खाली ‘जपानी तोसा’ आहे. दोन्ही एकच कुत्रा. ‘मास्टिफ’ असा मोघम शब्द आहे. ‘टेरियर’ असाही आहे, पुढेमागे काही नाही. टेरियर हे एका जातीचं नाव नव्हे, तो अख्खा गट आहे. त्यात तीन किलोचा, डोक्यावर रिबीन बांधलेला यॉर्कशायर टेरियरही येतो. अक्षरशः वाचलं तर पर्समध्ये मावणारा हा प्राणी देशाच्या सुरक्षेला धोका ठरतो.

काकांचं दुःख वेगळंच होतं. “ह्यात डोबरमन कसा नाही? जर्मन शेफर्डसुद्धा नाही. डोबरमनचा तर मेंदू वाढतो.”

“काय वाढतो?”

“मेंदू. कवटी तेवढीच राहते, आतला मेंदू वाढत जातो. पाच-सहा वर्षांचा झाला की डोक्यात दाब येतो, वेडा होतो आणि मालकाच्याच नरडीचा घोट घेतो. आमच्या साहेबांच्या मेव्हण्याच्या शेजारी झालं होतं.”

महाराष्ट्रात वाढलेल्या प्रत्येक माणसाला ही गोष्ट कोणीतरी सांगितलेली असते, आणि घटना कायम साहेबांच्या मेव्हण्याच्या शेजारीच घडलेली असते. कवटीची हाडं आणि मेंदू बरोबरीनेच वाढतात आणि दोघांची वाढ कुत्रा तरुण होईतो संपते. पाचव्या वर्षी डोबरमनमध्ये वाढतं ते हृदय. त्याचे स्नायू पातळ आणि सैल होत जातात, ठोके चुकतात, चालता चालता कुत्रा कोसळतो. या जातीत हा आजार इतका आहे की जाणते मालक दरवर्षी इको आणि चोवीस तासांचा ईसीजी करून घेतात. म्हणजे ज्या कुत्र्याला आपण डोकं फिरलेला म्हणतो, तो बऱ्याचदा हृदयविकाराने मरतो. ही जात काढणारा लुई डोबरमन जर्मनीतल्या आपोल्डा गावात कर गोळा करायचा. सोबतीला राखणदार हवा म्हणून त्याने कुत्री जुळवली असं सांगतात. वसुली अधिकाऱ्याच्या कुत्र्याबद्दल लोक बरं कशाला बोलतील?

पिटबुलचा जबडा ‘लॉक’ होतो हेही काकांनी ऐकवलं. कुठल्याच कुत्र्याच्या जबड्यात कडी-कोयंडा नसतो. पकडलेलं न सोडण्याची जिद्द टेरियरांत असते ती वेगळी गोष्ट.

“आणि काका, हे परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ला रद्द ठरवलं. संबंधितांशी सल्लामसलत न करता काढलं म्हणून.”

“कर्नाटकाचं आपण कधीपासून ऐकायला लागलो?” काकांनी विचारलं, आणि आजूबाजूच्या तिघांनी माना डोलावल्या.

आता जरा गंभीर. मोठा कुत्रा आणि छोटा कुत्रा सारखेच, असं म्हणणारे प्राणीप्रेमी मला पटत नाहीत. पन्नास किलोच्या कुत्र्याने चावा घेतला तर टाके पडतात, लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. वजन आणि जबडा खरेच असतात. पण हा कुत्रा चावेल का, हे जातीवरून सांगता येत नाही. २०२२मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अठरा हजारांवर कुत्र्यांच्या मालकांची उत्तरं आणि दोन हजारांवर कुत्र्यांचे जनुक तपासून एक अभ्यास आला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक असतो, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीने समजावता येतो, असं त्यात निघालं. उरलेल्यात घर आलं, मालक आला, दुखणी आली, लहानपण आलं.

लहानपण म्हणजे नेमके तीन ते चौदा आठवडे. या काळात पिल्लाने माणसं, पोरं, छत्र्या, रिक्षा, लिफ्ट, कुकरच्या शिट्ट्या पाहिल्या-ऐकल्या की पुढे त्यांचं भय राहत नाही. चावा किती जोराचा घ्यायचा हे पिल्लू भावंडांशी मस्ती करताना शिकतं. जोरात चावलं की भावंड केकाटतं आणि खेळ थांबतो. म्हणूनच केंद्राच्या २०१७च्या कुत्रा पैदास व विक्री नियमांनी आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे. बाजारात मात्र चार-पाच आठवड्यांची पिल्लं ‘लवकर लळा लागतो’ म्हणून सर्रास खपवतात. मग तेच पिल्लू फार्महाऊसवर साखळीला बांधायचं, दिवसभर कोणी फिरवायचं नाही, गळ्यात खिळ्यांचा पट्टा, गेटवर ‘कुत्र्यापासून सावध’, आणि दोन वर्षांनी कोणाला चावलं की जात खराब! रॉटविलर मूळचा जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांचा. गुरं हाकायचा, गाडी ओढायचा. कष्टाळू जातीला रिकामं बसवून ठेवल्यावर काय होतं ते आपल्या कमिटीकडे पाहूनही कळतं.

पाहायचं असेल तर अंगाकडे पाहावं. कुत्रा जागच्या जागी ताठ होतो, तोंड घट्ट मिटतो, मान न वळवता डोळ्यांच्या कडेतून बघतो आणि डोळ्यांतला पांढरा भाग दिसतो, घास नसताना ओठ चाटतो, झोप नसताना जांभया देतो. हे सगळं ‘लांब राहा’ आहे. शेपटी हलते म्हणजे खूश, हेही अर्धवट ज्ञान. उंच, ताठ शेपटी भरभर थरथरत असेल तर हात मागे घ्यावा. आणि गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधीही मारू नये. मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो, चावणं नाही. पुढच्या वेळी तो सूचना न देता थेट दात लावतो, आणि लोक म्हणतात, “अचानक चावला हो.” चावलाच तर हळद-चुना भरत बसू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी इंजेक्शन सुरू करावं, चावणारा मूठभर चिहुआहुआ असला तरी.

लिफ्टमध्ये गोट्या मागच्या कोपऱ्यात बसतो, भिंत आणि माझे पाय यांच्यामध्ये, तोंड माझ्याकडे. पट्टा साधा चार फुटी, हातात आखूड धरलेला पण सैल. ताणला की ताण पट्ट्यातून कुत्र्यात उतरतो. ते गुंडाळी सुटत जाणारे लांब पट्टे लिफ्टमध्ये आणूच नयेत, दार मिटल्यावर कुत्रा आत आणि मालक बाहेर असा प्रकार होतो. कोणाला भीती वाटत असेल तर मी पुढची लिफ्ट धरतो. हे सगळं मी कमिटीला लेखी दिलं. सोबत भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांची प्रत जोडली. सोसायटीला कुत्र्यांना लिफ्ट बंद करता येत नाही, मुसक्याची सक्तीही करता येत नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. कमिटीने ते पत्र ‘वाचले’ असा शेरा मारून फाइलला लावलं आणि त्याच सभेत एक मुसकं खरेदी करायचा ठराव केला. सोसायटीच्या खर्चाने, सर्व श्वानांसाठी सामायिक.

आणलं ते नायलॉनचं, नळकांड्यासारखं, लॅब्रॅडॉरच्या मापाचं. असलं मुसकं तोंड पूर्ण बंद करतं. डॉक्टरकडे नखं कापताना दोन मिनिटं ठीक. एरवी कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त पंजांना येतो, अंग गार करायचं तर तोंड उघडून धापा टाकाव्या लागतात. एप्रिलच्या दुपारी हे बांधून नऊ मजले चढवले तर उष्माघाताने कुत्रा मरू शकतो. वापरायचंच तर पिंजऱ्यासारखं जाळीचं घ्यावं. नाकापुढे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे, आत तोंड पूर्ण उघडता आलं पाहिजे, जाळी डोळ्यांना लागता कामा नये. सवय करताना जाळीच्या टोकाला आतून शेंगदाण्याचं बटर लावायचं, झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) नसलेलं, कारण ते कुत्र्यांना विषारी. काही दिवस नाक नुसतं स्वतःहून आत घालू द्यायचं, मग क्षणभर पट्टा लावायचा, मग मिनिटभर. घाई केली की कुत्रा पंजांनी ते ओरबाडून काढतो आणि पुन्हा जवळ येऊ देत नाही.

हे मी काकांना सांगत होतो तेव्हा ते गोट्याच्या कानामागे खाजवत होते, इतका वेळ, की त्याने डोळे मिटले.

“स्वभावाने बरा आहे,” काका म्हणाले. “पण जातीचा काय भरवसा?”

शेवटी डॉक्टरांनी त्यांच्या लेटरहेडवर ‘हा श्वान रॉटविलर नाही’ असं लिहून, सही-शिक्का मारून दिलं. अशा पत्राची पहिलीच वेळ, म्हणाले. सेक्रेटरींनी ते दोनदा वाचलं. म्हणजे नक्की गावठी? मग तो भटक्यांत मोडतो, आणि भटक्या कुत्र्यांना आवारातच बंदी आहे, तो ठराव मागच्या वर्षीचा. रॉटविलर होता तोवर वॉचमन निदान उठून उभा राहायचा.

ते नायलॉनचं मुसकं सध्या वॉचमनच्या केबिनमध्ये पाण्याच्या टाकीच्या किल्ल्या अडकवायला आहे. आणि या महिन्याच्या मेंटेनन्सच्या बिलात माझ्या एकट्याच्या नावावर ‘श्वान सुरक्षा खर्च, रु. ४५०’ अशी ओळ आली आहे. मी ती रक्कम वजा करून उरलेला चेक टाकला आहे. थकबाकीवर २१ टक्के व्याज लागतं, असं काकांनी आज सकाळी लिफ्टमध्ये बजावलं. मी म्हटलं, लावा.