पक्षी खाते, पुणे शाखा

मुलगी सिंगापूरला पक्षी उद्यानात कीपर म्हणून रुजू झाली आणि पुण्याचा चार्ज, न मागता, माझ्याकडे आला.

तळजाईवरच्या आमच्या सकाळच्या कंपूत बाकीच्यांची मुलं सिएटल, डॅलस, म्युनिकला असतात. ती नेमकं काय करतात हे त्यांच्या आईवडिलांनाही सांगता येत नाही, त्यामुळे चौकशी लवकर आटपते. माझ्या बाबतीत सगळ्यांना सगळं कळतं.

"म्हणजे पिंजरे झाडायचे?" एका निवृत्त बँक मॅनेजरांनी विचारलं.

"झाडायचे, धुवायचे, जंतुनाशक मारायचं."

"त्यासाठी एमएस्सी?"

"हो. झूलॉजीत."

त्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुसरे म्हणाले, "जुरॉंग ना? आम्ही टूरमधून पाहिलंय." 1971 साली सुरू झालेलं जुरॉंग बर्ड पार्क 2023 च्या जानेवारीत बंद झालं, हे सांगून उपयोग नसतो. त्यांच्याकडे मकाव खांद्यावर बसवलेला फोटो असतो.

मुलीकडे सध्या धनेश आहेत. आपल्याकडे पहाट असते तेव्हा तिकडे अडीच तास पुढचं घड्याळ असतं, त्यामुळे आमचा पहिला चहा आणि तिचं फळं चिरणं एकाच वेळी चालतं. मोबाइल कुठेतरी टेकवून ती पपईचे तुकडे करत असते, सगळे एका मापाचे. नाहीतर पक्षी आवडतं तेवढं निवडून बाकीचं टाकून देतात. (ही सवय फक्त पक्ष्यांनाच असते असं आमच्या घरी कोणी मानत नाही.) पपई चालते, पण संत्रं नाही, लिंबू नाही. धनेश, टुकान, मैना यांच्या यकृतात लोह साठून ते आजारी पडतात, आणि क जीवनसत्त्वामुळे लोह अंगात जास्त मुरतं. इकडे हिला डॉक्टरांनी हिमोग्लोबिनसाठी पालेभाजीवर लिंबू पिळायला सांगितलंय. "त्यांना जड होतंय तेवढं इकडे पाठव म्हणावं," ही म्हणाली.

वजनासाठी धनेशाला पकडत नाहीत. तो आपण होऊन काट्यावर येऊन बसतो, कारण बसलं की फळाचा तुकडा मिळतो. मला डायबेटिसच्या डॉक्टरांकडे काट्यावर चढवतात तेव्हा असं कोणी काही देत नाही.

विणीच्या हंगामात मादी ढोलीत शिरून दार लिंपून घेते, जेमतेम चोच जाईल एवढी फट ठेवते आणि नर आठवडेच्या आठवडे तिला त्या फटीतून भरवतो. हे ऐकून हिने माझ्याकडे पाहिलं. मी दूध आणायला बाहेर पडलो.

तिच्या शेजारच्या विभागात कॅसोवरी आहे. माणसाएवढा उंच, पायाच्या आतल्या बोटाची नखी 12 सेंटीमीटरपर्यंत, सुऱ्यासारखी. त्याला आधी पलीकडच्या भागात घेऊन मधलं दार बंद केल्याशिवाय कीपर आत पाऊल टाकत नाही. इथे लॅच न ओढता क्लासला पळणारी आमची मुलगी आता प्रत्येक कुलूप दोनदा ओढून बघते. एवढं एक काम त्या पक्ष्याने केलं.

पण त्रास तिकडचा नाहीच. सोसायटीच्या ग्रुपवर हिने युनिफॉर्ममधला फोटो टाकला आणि त्या दिवसापासून "तुमच्याकडे पक्ष्यांचं असतं ना?" अशी दारावरची बेल सुरू झाली. बुटांच्या खोक्यात बुलबुलाचं पिल्लू येतं, सोबत दुधात कुस्करलेली पोळी. मी सिंगापूरला फोन लावतो. हुकूम ठरलेले: चोचीत पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं, पिसं फुटलेलं असेल तर जवळच्या फांदीवर ठेवा, माणसाचा हात लागला म्हणून आई टाकत नाही. संक्रांतीला मांज्यात अडकलेली घार आली. "डोक्यावर टॉवेल टाका, चोचीपेक्षा नखं सांभाळा, अंधाऱ्या खोक्यात ठेवून रेस्क्यूवाल्यांना बोलवा." सिंगापूरहून टॉवेल टाका म्हणणं सोपं असतं. तो हिचा चांगला टॉवेल होता.

वरच्या मजल्यावरच्या काकू त्यांचा मिठू बोलत नाही म्हणून आल्या. मुलीने फोनवरूनच ऐकवलं की आपले पोपट पिंजऱ्यात पाळायला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. आता मिठू बोलत नाही आणि काकूही बोलत नाहीत.

परवा तिसऱ्या मजल्यावरची नवी सूनबाई आली. एसीच्या बाहेरच्या खोक्यावर कबुतराने अंडी घातली होती आणि मंगळवारी एसीवाला येणार होता.

"काका, ही उठणार कधी?"

अंड्यातून पिल्लं निघायला अठराएक दिवस लागतात, मी म्हणालो, पिल्लं उडायला आणखी महिनाभर धरा. आता मलाही फोन लावावा लागत नाही.

"एवढे? तिला जरा हुसकून बघू का?"

"तिला नाही, त्याला. दुपारी बाप बसतो. आई संध्याकाळी येते, ती सकाळपर्यंत."

ती क्षणभर खिडकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. मी संध्याकाळी तिच्याशीच बोलते."