दोष एकट्या दुष्काळाचा नाही

लेख चांगला आहे, पण कॅलिफोर्नियातली सॅन वाकीन नदी कोरडी पडल्याचं सगळं खापर दुष्काळावर फोडलंय, ते काही पटत नाही. सिएरा नेवाडा पर्वतरांगेतला बर्फ वितळून नदीला पाणी येतंच की! १९४२ मध्ये फ्रायंट धरण बांधून झालं आणि ते पाणी कालव्यांनी शेतीकडे वळवलं गेलं. धरणाखालचा जवळपास १०० किलोमीटरचा पट्टा त्यानंतर २००९ पर्यंत बहुतेक वर्षं कोरडाच होता. वसंत ऋतूत समुद्रातून नदीत वर चढणारे चिनूक सामन मासे तिथून संपले.

नकाशात सलग निळी रेघ दिसते, प्रत्यक्षात नदीचे तुकडे झालेत. धरणाखाली ग्रॅव्हली फोर्ड या ठिकाणाच्या आसपास उरलंसुरलं पाणी वाळूत मुरतं. पुढे मेंडोटा गावाजवळ पात्र पुन्हा भरलेलं दिसतं, पण ते पाणी तिचं नाहीच. उत्तरेकडच्या डेल्टातून (त्रिभुज प्रदेशातून) कालव्याने आणून सोडलेलं. तेही पुढच्या सॅक डॅम या छोट्या बंधाऱ्यावर शेतीसाठी काढून घेतात. त्याच्या खाली येतं ते बरंचसं शेतांतून निचरा झालेलं, क्षार आणि सेलेनियम (जास्त झालं की विषारी ठरणारं मूलद्रव्य) घेऊन. (१९८३ मध्ये याच खोऱ्यातल्या केस्टरसनच्या तळ्यांवर पक्ष्यांची व्यंग असलेली पिल्लं सापडली, ती अशाच निचऱ्याच्या पाण्यामुळे.) त्यामुळे पाणी दिसतंय म्हणून नदी बरी आहे, असं म्हणणं धाडसाचंच.

पर्यावरण संघटना, सरकार आणि पाणी वापरणारे शेतकरी यांच्यातल्या २००६ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर २००९ पासून नदीसाठी पाणी सोडायला सुरुवात झाली, हे बाकी मोठंच काम. पण भूजल उपशामुळे तिथली जमीन खचतेय, त्याचा पात्रावर काय परिणाम होतोय यावर लेखात एक ओळही नाही. पुढच्या भागात लिहाल का?