साडेचारशे रुपयांचं कूपन

ज्या ॲपवरून आईसाठी खोली बुक केली होती, त्या कंपनीचा आज सकाळी मेल आला. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, पुढच्या बुकिंगसाठी ४५० रुपयांचं कूपन देत आहोत, आपली तक्रार बंद करण्यात आली आहे. कोणी बंद केली? मी तर केलेली नाही. दुपारपर्यंत गप्प बसले, आता लिहितेच.

गेल्या महिन्यात आईला दिवेआगरला नेलं होतं. आई ७३ वर्षांची, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. तिथला सुवर्णगणेश, म्हणजे गणपतीचा सोन्याचा मुखवटा, सापडला त्याच्या पुढच्या वर्षी, १९९८ साली, ती बाबांबरोबर तिथे जाऊन आली होती. २०१२ मध्ये चोरी झाली तेव्हा दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. २०२१ मध्ये मुखवटा पुन्हा बसला, तेव्हापासून तिचं एकच चाललं होतं, 'एकदा बघून येऊ दे गं.' बाबा गेल्यापासून तिने काही मागितलं असेल तर एवढंच. म्हणून बुकिंग करताना मी तीन-तीनदा वाचलं. तळमजला, कमोड, गरम पाणी. दोन रात्रींचे ९,२०० रुपये आधीच भरले.

ताम्हिणी उतरून दुपारी पोचलो, तर खोली वरच्या मजल्यावर. बाहेरून लोखंडी जिना, कठडा एकाच बाजूला. फोटोतली खोली निराळीच होती. राखणदार पोरगा म्हणाला, 'खालची दुसऱ्यांना दिली ताई, मालक मुंबईला असतात.' मालकांचा फोन बंद. आई अंगणात लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली, पिशवी मांडीवर घेऊन. आणि मी कंपनीला फोन लावत बसले.

तीन तास! आधी मशीनशी चॅट. मग एक मुलगा, मग दुसरा, प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं. 'मॅडम, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो.' माझ्या भावना कशाला समजतोस बाबा, माझ्या आईला जिना चढता येत नाही एवढं समज! शेवटी उत्तर काय, तर बुकिंग नॉन-रिफंडेबल आहे आणि आम्ही फक्त मध्यस्थ. पैसे घेताना नव्हतात का मध्यस्थ?

मला सर्वांत जास्त काय लागलं सांगू? त्या तीन तासांत आई एकदाही कुरकुरली नाही. उलट मलाच म्हणाली, 'जाऊ दे, मी चढते हळूहळू.' चार पायऱ्या चढलीसुद्धा. पाचवीवर थांबली. तिचा हात कठड्यावर थरथरत होता. मी तिला खाली आणलं, पुन्हा त्याच खुर्चीवर.

हो, मान्य आहे, या ॲपमुळे कोकणातल्या कितीतरी घरांना गिऱ्हाईक मिळतं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळाने या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. नवी पोफळ लावली तरी सुपारी धरायला वर्षं जातात, तोवर घर चालायला खोल्या भाड्याने द्याव्याच लागतात. त्या लोकांवर माझा राग नाही. त्या पोरावर तर मुळीच नाही, त्यानेच आईला पाणी आणून दिलं.

आणि अंधार पडताना शेजारच्या वाडीतल्या काकू आल्या. खुर्चीत बसलेली आई त्यांना कुंपणापलीकडून कधीची दिसत होती. 'अशा किती वेळ बसणार? चला आमच्याकडे.' ओटीलगतची खोली दिली, बंबातलं पाणी काढून दिलं, रात्री गरम भात आणि सोलकढी. पैशांचं विचारलं तर म्हणाल्या, 'ते उद्या बघू.' आई त्या रात्री शांत झोपली. मला मात्र रडू आवरेना.

पूर्वी आपण असेच जायचो ना? फोन करायचा, काकू खोली आहे का, किती माणसं, जेवायला काय करू. शब्द देणारं माणूस दारात उभं असायचं. चूक झाली तर तोंडावर बोलता यायचं. आता जबाबदार कोण तेच कळत नाही. घर एकाचं, फोटो भलतेच, पैसे तिसऱ्याकडे आणि म्हातारी माणसं अंगणात.

मी कूपन घेणार नाही. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. मला पोच मिळायलाच नऊ दिवस लागले. १९१५ला, ग्राहक हेल्पलाइनला, फोन करून तक्रार नोंदवली आहे. फोटो, चॅट, सगळं जपून ठेवलंय. तुमच्यापैकी कोणाचं असं झालं असेल तर कृपा करून गप्प बसू नका.

दर्शन झालं, हे सांगायचं राहिलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूच आईचा हात धरून देवळात घेऊन गेल्या. आई बराच वेळ हात जोडून उभी होती. आता माघात परत जायचं म्हणतेय. मघाशीच काकूंना फोन केला. त्यांनी पहिलं विचारलं, 'आईंचे गुडघे कसे आहेत?' आणि मग म्हणाल्या, 'ओटीजवळचीच खोली ठेवते.'